एल्बो, अर्धा इंची

सदतीस वर्षं मी एल्बो बसवत आलो.
अर्ध्या इंचाचे, पाऊण इंचाचे, जीआयचे,
मग ते पांढरे, चिकटवायचे.
सरळ आलेलं पाणी वळवायचं, एवढंच त्याचं काम.
सुतळी, सफेदा, वर पान्याचा एक पीळ जास्तीचा.
भवानी पेठेपासून धायरीपर्यंत
कितीतरी भिंतींच्या पोटात माझे एल्बो आहेत,
गप्प. गळत नाहीत.

गळायला लागलं ते माझंच.

आधी चहाचा कप जड झाला.
मग कुलपात किल्ली फिरेना. मग एके सकाळी
न्हाणीतला नळ, मीच बसवलेला,
मला सुटेना.
मंदा दारातून म्हणाली, "वा, प्लंबर."
कोपरखळी म्हणतात ती हीच.
नेमकी तिथेच लागली.

सिंहगड रोडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
डोईफोडे मॅडमनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर
नुसता अंगठा टेकवला
आणि मी आईला हाक मारली.
"टेनिस एल्बो," त्या म्हणाल्या.
मॅडम, टेनिस मी एकदाच बघितलंय.
डेक्कनला, कोर्टामागची लाइन चोकअप होती तेव्हा.
चेंडू इकडून तिकडे, मी गुडघाभर गाळात.
खेळले ते, आजार माझ्या नावावर.

मग त्यांनी प्लास्टिकचा हात काढला.
"वर दंडाचं एक हाड, खाली दोन.
कोपर दुमडतंही आणि फिरतंही.
मनगट उचलणारे दोर
या एवढ्याशा जागेवर बांधलेत,
आणि तुम्ही रोज तिथेच हिसके देताय."
मी बघत राहिलो.
वळणही आहे, फिरकीही आहे,
असं फिटिंग बोहरी आळीत मिळायचं नाही.
आणि युनियन कुठेच नाही,
उघडून वायसर बदलायला.

बर्फ फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं.
पट्टा कोपरावर नाही, दोन बोटं खाली.
अर्ध्या लिटरची बाटली धरायची, हात टेबलावर,
मनगट दुसऱ्या हाताने वर न्यायचं
आणि सोडायचं हळू,
बादली विहिरीत सोडावी तसं.
"दुखणं वाढलं तर थांबा. पाना लांब दांड्याचा घ्या.
आणि कुणाकडून चोळून घेऊ नका."
ते आदल्या आठवड्यातच झालं होतं. बोललो नाही.
फी ऐकली. कोपरापासून नमस्कार करावा म्हटलं,
तर तेवढाही हात उचलेना.

दाराशी थांबून विचारलं,
लहान पोराला हाताला धरून ओढलं, आणि हात लुळा पडला, तर?
"कड्यातून हाड निसटतं. डॉक्टर लगेच बसवतात.
का हो?"
काही नाही.

ब्याण्णव साल. स्वारगेट. बस सुटत होती.
हर्षदा तीन वर्षांची. मी एका हाताने वर खेचली.
हात तसाच लोंबत राहिला तिचा.
ती मोठ्याने रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे बघत होती.
ससूनमधल्या मिसरूड फुटलेल्या डॉक्टरने कोपर वळवलं,
टक्.
थोड्या वेळाने त्याच हाताने ती
माझ्या खिशातलं पेन ओढायला लागली.
डॉक्टर म्हणाला, विसरून जाईल.
ती विसरली.

आता संध्याकाळी तिची मुलगी
माझ्या बाटलीचे आकडे मोजते.
सात, आठ, अकरा.
मग दोन्ही हात वर करते, उचल म्हणून.
मी खाली बसतो. तीच चढते.

न्हाणीतला नळ बदलला.
दवाखान्यात असतो तसा, लांब दांड्याचा,
कोपराने ढकलला की उघडतो. डाव्या.
बसवला इरफानने. मी स्टुलावर बसून
पाने पुढे करत होतो, आणि शेवटी म्हणालो,
सुतळी कमी लावलीस.